फाईल फेकल्यानंतर: मेडिकल कॉलेजात ‘सांधणारा न्याय’ सुरू करू पाहणाऱ्यांसाठी

मेडिकल कॉलेजात एखादी तक्रार डीन ऑफिसला पोचली की पुढे सहसा दोनच वाटा असतात. एक तर समिती, लेखी खुलासा, मेमो, निलंबन. नाहीतर एचओडींच्या, म्हणजे विभागप्रमुखांच्या, केबिनमध्ये चहा मागवायचा आणि ‘चला, हात मिळवा, विषय संपला’. पहिल्या वाटेवर ज्याला त्रास झाला तो नुसता साक्षीदार उरतो. दुसऱ्या वाटेवर तेवढाही उरत नाही.

रिस्टोरेटिव्ह जस्टिस ही तिसरी वाट. ‘पुनर्स्थापनात्मक न्याय’ असा भारदस्त शब्द तिला आहे, पण तो वॉर्डातल्या मावशींना सांगून बघा. मी ‘सांधणारा न्याय’ म्हणते. वॉर्डन, मेंटॉर, मेडिकल एज्युकेशन युनिटमधले शिक्षक, समाजसेवा अधीक्षक, मार्डचे (निवासी डॉक्टरांच्या संघटनेचे) प्रतिनिधी यांपैकी कोणाला हे पहिल्यांदाच करून बघायचं असेल, तर हा लेख त्यांच्यासाठी आहे.

मूळ कल्पना साधी आहे. नेहमीची चौकशी विचारते: नियम कोणता मोडला, कोणी मोडला, शिक्षा काय? या विषयातले अमेरिकेतले अभ्यासक हॉवर्ड झेहर यांनी हे प्रश्नच बदलले. त्रास कोणाला झाला, त्यांना आता काय हवं आहे, आणि ते भरून देणं कोण लागतो? 1974 साली कॅनडात, ओंटारिओतल्या एल्मायरा गावात दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत 22 ठिकाणी तोडफोड केली होती. प्रोबेशन अधिकाऱ्याने न्यायाधीशांना सुचवलं, यांना त्या प्रत्येक दारात उभं करू. ते दोघे खरंच दारोदार गेले, लोकांचं ऐकून घेतलं आणि नुकसान भरून दिलं. पुढे न्यूझीलंडने 1989 च्या कायद्यात, माओरी समाजाच्या रीतीतून शिकत, अल्पवयीनांसाठी कुटुंबाची बैठक आणली. वैद्यकीय शिक्षणात हा विचार जरा उशिरा आला. अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची संघटना, एएएमसी, आता याचं प्रशिक्षण देते.

आपल्याकडे एक घोटाळा हमखास होतो, तो आधीच मिटवू. ही मांडवली नव्हे. 2007 मध्ये सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेत किती तंटे मिटले याचा हिशेब असे. इथे मिटण्याची घाईच नाही. आणि गोल करून बसणं आपल्याला नवीन नाही हे खरं, पण गावच्या पारावर कोण बसायचं आणि कोणाला खाली उभं राहावं लागायचं हेही आपल्याला ठाऊक आहे. जातपंचायतीच्या जाचावर महाराष्ट्राला 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला तो उगाच नाही. म्हणून ‘आपल्या परंपरेत हे आहेच’ असं कोणी उत्साहाने म्हणालं की मी जरा सावध होते.

आधी हॅलिफॅक्सची गोष्ट

आरोग्य शिक्षणातलं सगळ्यात चर्चेतलं उदाहरण कॅनडाचं आहे. हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात, दंतवैद्यक शाखेच्या शेवटच्या वर्षातल्या 13 मुलांचा एक फेसबुक गट डिसेंबर 2014 मध्ये उघडकीस आला. त्यात वर्गातल्या मुलींबद्दल लैंगिक हिंसेच्या सुरातली शेरेबाजी होती, गुंगीचं औषध देण्यावरचे ‘विनोद’ होते. उद्या हीच मुलं भूल देऊन रुग्णाच्या तोंडात हात घालणार, त्यामुळे देशभर खळबळ उडाली. हाकलून द्या, ही मागणी जोरात होती.

ज्यांच्याबद्दल लिहिलं गेलं त्यांच्यातल्या काही मुलींनी विद्यापीठाच्या लैंगिक छळविरोधी धोरणात असलेली सांधणाऱ्या न्यायाची वाट निवडली. 13 पैकी 12 मुलं, वर्गातल्या 14 मुली आणि आणखी 3 मुलगे असे 29 जण प्रक्रियेत आले. काम काही महिने चाललं आणि मे 2015 मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. तोवर ही मुलं क्लिनिकमध्ये नेहमीसारखी वावरत नव्हती. रुग्णसेवेतून त्यांना काही काळ बाजूला ठेवलं होतं. ही वाट घेतली म्हणजे रुग्णांच्या सुरक्षिततेचे निर्णय थांबतात असं नाही, हे इथे लक्षात घ्या.

मला मात्र यातला दुसरा धागा जास्त शिकवून जातो. जानेवारी 2015 मध्ये त्याच वर्गातल्या चार मुलींनी नाव न देता पत्र लिहून सांगितलं की त्यांना ही प्रक्रिया नको आहे आणि ती स्वीकारण्याचा दबाव त्यांना जाणवतो आहे. एकाच वर्गात, एकाच प्रसंगात काहींना ही वाट मोकळी करणारी वाटली आणि काहींना तोंड दाबणारी. दोन्ही खरं. तुमच्या कॉलेजातही असंच होणार आहे, तेव्हा दुसरं दार उघडं ठेवूनच कामाला लागा.

पहिली पायरी: भांडण नसताना बसा

ज्या लोकांनी कधी एकमेकांचं ऐकलेलंच नाही त्यांना भांडणाच्या दिवशी अचानक गोल बसवलं तर ते नाटक होतं. म्हणून सुरुवात फाउंडेशन कोर्सपासून करा, नाहीतर एटकॉमच्या, म्हणजे वागणूक, नीती आणि संवाद शिकवायच्या, तासाला. 12 ते 15 जण, खुर्च्या गोल, मध्ये टेबल नाही. एक वस्तू हातोहात फिरते. ती ज्याच्या हातात तोच बोलतो. बोलायचं नसेल तर पुढे द्यायची, कारण विचारायचं नाही. शिक्षकही त्याच गोलात बसतो आणि त्याच प्रश्नाचं उत्तर देतो, शेवटी समारोपाचं भाषण करत नाही. (शिक्षकांना हे सगळ्यात जड जातं.)

आम्ही पहिल्यांदा नी-हॅमर फिरवला. दहा मिनिटांत निम्मी बॅच शेजाऱ्याचे गुडघे ठोकत होती. आता प्लास्टरचा न वापरलेला रोल घेते.

प्रश्न हलके ठेवा, पण पोकळ नकोत. पहिल्या वर्षाच्या मुलांना ‘घरून निघताना बॅगेत काय मुद्दाम टाकलंत?’ हा चालतो. इंटर्नना ‘या पोस्टिंगमधली कुठली रात्र डोक्यातून जात नाही?’ असा विचारा. चाळीस मिनिटं पुरतात. एखादा रुग्ण अनपेक्षित दगावल्यावर युनिटने असं बसावं, हे मी आग्रहाने सांगते. मॉर्टॅलिटी मीटमध्ये, म्हणजे मृत्यूंच्या आढाव्याच्या बैठकीत, कोणाचं काय चुकलं ते निघतं, निघायलाच हवं. पण बाईंच्या हातात मूल न देता त्यांना घरी पाठवणाऱ्या पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टर मुलीला त्या मीटमध्ये जागा नसते.

दुसरी पायरी: कुठलं प्रकरण इथे आणायचं नाही

इथे चुकलात तर नुसतं अपयश पदरी येत नाही, कायद्याचाही भंग होतो.

रॅगिंगची लेखी तक्रार आली की 1999 च्या महाराष्ट्र कायद्याप्रमाणे संस्थाप्रमुखाला सात दिवसांत चौकशी करावी लागते. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवावी लागते. टाळाटाळ करणारा प्रमुख स्वतः अपप्रेरणा देणारा ठरतो. एनएमसीचे (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे) 2021 चे रॅगिंगविरोधी नियम वेगळे आहेतच. तेव्हा ‘आपण सर्कल घेऊ, अँटी-रॅगिंग कमिटीला कशाला कळवायचं’ हे वाक्य ज्याने उच्चारलं, त्याच्या हातात ही प्रक्रिया देऊ नका. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक 1800-180-5522 गोल बसायच्या खोलीतसुद्धा भिंतीवर हवा.

लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडेच जाते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यातल्या कलम 10 मध्ये समेटाची सोय आहे, पण ती चौकशी सुरू होण्याआधी आणि फक्त तक्रारदार स्त्रीच्या विनंतीवरून. पैसे देऊन केलेला समेट चालत नाही. ‘मॅडम, तुम्हीच जरा विनंती करा ना’ असं कोणी तिला सुचवणं म्हणजे ती तिची विनंती नव्हे.

जातीवरून अपमान झाला असेल तर तो अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचा विषय होऊ शकतो. ‘तुला डिग्री कोणी दिली?’ हे उर्मट वाक्य आहे. ‘कोट्यातून आलीस ना?’ हे वेगळं वाक्य आहे, आणि ते ऐकू आलं की तुमची वाट बदलते. 2019 मध्ये मुंबईत आदिवासी समाजातल्या एका निवासी डॉक्टरने आत्महत्या केली आणि तीन सिनियर डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा गुन्हा दाखल झाला. असं प्रकरण ‘सगळे मिळून बोलू या’ने सुटलं असतं, असं म्हणणाऱ्याला या विषयातलं काही कळलेलं नाही.

मग उरतं काय? भरपूर उरतं. अपमान, ओरडणं, ड्यूटी लिस्टमधला अन्याय, प्रॅक्टिकलच्या गटातून एकाला बाजूला टाकणं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची टिंगल, नर्सिंग आणि निवासी डॉक्टरांमधली धुसफूस. कायदेशीर प्रक्रिया पूर्ण झाल्यावर शिक्षा भोगून परत आलेला विद्यार्थी त्याच हॉस्टेलवर कसा राहणार, हा प्रश्नही याच वाटेवरचा.

तिसरी पायरी: एकेकट्याला भेटा

खरं काम इथे आहे. गोल बसणं दोन तासांचं, त्याची तयारी दोन-तीन आठवड्यांची. नवखे लोक तयारी उरकून खोलीत शिरतात आणि मग रडारड झाली म्हणून घाबरतात.

एक प्रसंग घेऊ. तो मी रचलेला आहे, पण वॉर्डात रात्री काढलेल्यांना ओळखीचा वाटेल. सर्जरीचा वॉर्ड, सकाळचा राऊंड. जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर, मुलगी सलग छत्तीस तास उभी आहे. ड्रेनचं आउटपुट (जखमेतल्या नळीतून किती स्राव आला ते) लिहायचं राहिलंय. तिसऱ्या वर्षाचा सिनियर, जेआर थ्री, फाईल उचलतो, पलंगाच्या पलीकडे भिरकावतो आणि नातेवाइकांसमोर म्हणतो, ‘तुला एमबीबीएसची डिग्री कोणी दिली?’ केसपेपर फरशीवर पसरतात. मावशी वाकून ते गोळा करतात. सिस्टर खिडकीकडे बघतात. इंटर्न मोबाइल काढतो आणि परत खिशात ठेवतो.

त्रास कोणाला झाला? ‘जेआर वनला’ एवढंच लिहून थांबू नका. पलंगावरच्या माणसाला झाला. आता त्याला ती मुलगी सलाईन लावायला आली की भीती वाटते. सिस्टरना झाला, कारण त्या बोलल्या नाहीत आणि ते त्यांना टोचतंय. कागद कोणी उचलले हे तर कोणाच्या लक्षातही नाही.

आधी जिला त्रास झाला तिला भेटा. तिच्या विभागापासून लांब, तिच्या वेळेला, पोस्ट-ड्यूटी झोप झाल्यावर. काय झालं, तेव्हा काय वाटलं, नंतर काय बदललं, सगळ्यात अवघड काय वाटतंय, आता काय हवंय, हे शांतपणे विचारा. शेवटच्या प्रश्नाला घाई करू नका. लोक आधी ‘माफी’ म्हणतात, कारण तोच शब्द सगळ्यांना माहीत असतो. दुसऱ्या भेटीत खरं निघतं. आपल्या प्रसंगातली मुलगी म्हणते, ‘माफी नको. त्याच वॉर्डात, त्याच पलंगाशी येऊन त्या पेशंटला सांगू दे की मला काम येतं.’

आणि तिचा होकार तपासा. थिसिस गाइड त्याच युनिटचे, परीक्षेला तेच समोर, अशा ठिकाणी ‘हो सर, चालेल’ याचा अर्थ ‘हो’ असेलच असं नाही. मी तीन गोष्टी करते. होकार एका भेटीत घेत नाही. ‘नाही म्हणालात तर पुढे काय होईल’ ते आधी सांगते: नेहमीची तक्रारीची वाट उघडी राहील, आणि तुम्ही नाही म्हणालात हे विभागाला कळणार नाही. आणि तिच्या बाजूने बसायला तिने निवडलेलं एक माणूस हवंच, रूममेट असो, मोठा भाऊ असो. तरीही शंका राहिली तर समोरासमोर बसवू नका. चिठ्ठीतून, मधल्या माणसाकरवीही बरंच काही होतं.

मग ज्याच्याकडून त्रास झाला तो. इथे एक अट पक्की: झालं ते झालं, एवढं त्याला मान्य हवं. सगळं नाही, पण गाभा. ‘मी फाईल फेकलीच नाही’ म्हणणाऱ्याला गोलात आणलं तर मुलीला दुसऱ्यांदा तेच सोसावं लागतं. हा संवाद थोडा ऐका:

‘मॅडम, मी तिला शिकवत होतो. आम्ही फर्स्ट इयरला यापेक्षा जास्त खाल्लंय.’

‘डॉक्टर, तुम्हाला ते कोणी दिलं?’

‘...सोडा ना ते.’

‘बरं. फाईल पडली तेव्हा कागद कोणी उचलले?’

तो गप्प झाला तर गप्प राहू द्या. भरून काढायला जाऊ नका. स्वतःचं पहिलं वर्ष तो सांगू लागला तर ऐका, पण ते कारण आहे, सूट नाही, हे त्याच भेटीत सांगून टाका. गोलात पहिलं वाक्य त्याची कहाणी असता कामा नये.

हे काम करणाऱ्याचं नाव कागदावर काहीही असो, तो न्यायाधीशही नाही आणि वकीलही नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. माझ्या मते हे काम त्यांच्याइतकं क्वचितच कोणाला जमतं, आणि त्यांना क्वचितच विचारलं जातं. मानसोपचार किंवा पीएसएमचे (सामाजिक वैद्यकशास्त्राचे) शिक्षकही चालतील, मात्र ते या दोघांचे परीक्षक नसावेत. विभागप्रमुख तर नकोतच. शक्य असेल तर दोघांनी मिळून करा.

चौथी पायरी: खोली आणि दिवस

एचओडींची केबिन नको. डेमो रूम घ्या, टेबलं भिंतीला लावा, एप्रन बाहेर काढून ठेवायला सांगा. कोणीही नाइट करून आलेलं नको. ऑन-कॉल कोण सांभाळणार ते आधी ठरवा, नाहीतर सगळ्यात महत्त्वाच्या वाक्याला कॅज्युअल्टीचा फोन वाजतो. दोघे बाहेर व्हरांड्यात अवघडून समोरासमोर उभे राहणार नाहीत अशा वेगवेगळ्या वेळा द्या. पाणी आणि टिश्यू ठेवा. चहा नंतर.

पाचवी पायरी: बोलण्याचा क्रम

सुरुवातीला नियम दोनच: इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, आणि कोणालाही कधीही थांबता येईल. गुप्ततेची मर्यादा मात्र तेव्हाच सांगा. जिवाला धोका किंवा गुन्हा समोर आला तर तुम्ही गप्प बसू शकणार नाही.

कोणी आधी बोलायचं याबद्दल मतभेद आहेत. मी तो निर्णय त्रास झालेल्या व्यक्तीवर सोडते. काहींना समोरच्याने आधी कबूल केलेलं हवं असतं, काहींना आपलंच आधी सांगायचं असतं. मग सिस्टर, इंटर्न, आणि हो, मावशी. आपल्या प्रसंगात मावशी म्हणतात, ‘मी कागद उचलले, पण नंबर उलटसुलट झाले. दुपारपर्यंत सिस्टर लावत बसल्या. त्या वेळात पेशंटला कोण बघत होतं?’ हे कुठल्याही चौकशी अहवालात आलं नसतं, आणि जेआर थ्री मान खाली घालतो तो इथे.

तुम्ही कमी बोला. ‘म्हणजे तुम्हाला असं वाटलं का’ हे दर मिनिटाला म्हणणारा मधला माणूस असह्य होतो.

सहावी पायरी: ठराव

‘यापुढे ज्युनियरशी सौजन्याने वागेन’ हा ठराव नाही. कोण, काय, कुठे, कधी हे लिहा. आपल्या प्रसंगातला ठराव असा होईल: पुढच्या सोमवारी राऊंडला जेआर थ्री त्या रुग्णापाशी जाऊन बोलेल, तोवर रुग्णाला सुट्टी मिळाली असेल तर नातेवाइकांना फोन करेल, मावशी आणि सिस्टरशी त्या दिवशीच बोलेल, युनिटची ड्यूटी लिस्ट दर शनिवारी दुपारपर्यंत नोटीस बोर्डवर लागेल आणि पोस्ट-ड्यूटी ऑफ तिच्यात लिहिलेला असेल.

शेवटचा मुद्दा एकट्या जेआर थ्रीच्या हातातला नाही, आणि तेच योग्य. छत्तीस तास त्याने लावलेले नव्हते. युनिट हेडनी सही केली नाही तर हा ठराव म्हणजे एका पोराच्या डोक्यावर व्यवस्थेचं खापर. डलहौसीतही वर्गाच्या प्रक्रियेच्या जोडीला शाखेच्या एकूण वातावरणाची तपासणी करणारा स्वतंत्र कार्यगट नेमावा लागला होता.

अपमानास्पद अटी लिहू नका. सगळ्या बॅचसमोर कान धरायला लावणं ही शिक्षाच झाली, आणि पुढच्या वर्षी ती कोणावर तरी उतरते.

सातवी पायरी: परत जा

दोन आठवड्यांनी एकदा, दीड महिन्याने पुन्हा. दोघांना वेगवेगळं भेटा, ठराव समोर ठेवून एकेक ओळ वाचा. काही पाळलं गेलं नसेल तर का, ते विचारा. मुद्दाम मोडलं असेल तर प्रकरण नेहमीच्या वाटेने जाईल हे पहिल्या दिवशीच सांगितलेलं असतं, तसं करा. तुमची हस्तलिखित टिपणं नष्ट करा. सह्यांचा ठराव तेवढा जपा, आणि तो इंटर्नल मार्कांच्या फाईलच्या जवळपासही ठेवू नका.

मुलीला भेटताना ‘आता कसं आहे?’ विचारलंत तर ‘बरं आहे मॅडम’ हेच ऐकाल. त्यापेक्षा गेल्या पंधरवड्यात किती पोस्ट-ड्यूटी ऑफ मिळाले ते विचारा. आणि परत येताना वॉर्डात डोकावून सिस्टरशी दोन मिनिटं बोला. जेआर थ्री हल्ली फाईल हातात घेतो की पलंगावर ठेवतो, हे त्यांना तुमच्याआधी माहीत असतं.